फक्त मासळीवाल्यांसाठी

जीप खळ्यात शिरायच्या आधी तिचा हॉर्न शिरला, तेव्हाच उषाने ओळखलं की आज हे मुंबईहून काहीतरी मिळवून आलेत. रामनाथ आमदार झाल्यापासून हे असंच चाललं होतं. विधानसभेत कुणी झापलं असलं की जीप गुपचूप माडांखाली येऊन थांबायची आणि स्वारी मागच्या दाराने न्हाणीत. काही पदरात पडलं की मग अख्ख्या दांडी गावाने दारात यावं असा हॉर्न.

ओटीवर राहीबाई सुके बोंबील निवडत बसली होती. मुलगा आमदार झाला तरी तिने बोईसरच्या बाजारातली आपली जागा सोडली नव्हती. "त्याची खुर्ची पाच वरसांची, माजी जागा जल्माची," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. थोरला विश्राम भिंतीला टेकून जाळं शिवत होता आणि त्याची बायको ठकी तव्यावर फडकं गरम करून गुडघा शेकत होती.

"मिळाली!" रामनाथ जीपमधून उतरता उतरता ओरडला.

"काय, मंत्रीपद?" ठकीने विचारलं.

"गाडी!"

"गाडी तं ही उभी हाय समोर," राहीबाई बोंबलावरून नजर न काढता म्हणाली.

"ही नाय गं, आय. लाल गाडी! दांडी ते बोईसर. रोज सकाळी. आणि ती कुनाची? तुमची! मासळी विकणाऱ्या बायांची. दुसरं कुनी चढायचं नाय. भाषण झालं माझं सभागृहात, समोरच्या बाकांनीसुद्धा बाकं वाजवली. सोमवारी उद्घाटन!"

ठकी गुडघा विसरून उभी राहिली. त्यात नवल नव्हतं. बोईसरला कारखाने आल्यापासून सकाळच्या गाडीत पँटवाले वाढले होते. मागच्या सीटवर पाट्या घेऊन बसणाऱ्या बायांकडे बघून ते नाकाला रुमाल लावत, खिडक्या उघडत, आणि एखादा कंडक्टरला म्हणे, हा बाजार टपावर चढवा. नवरात्रात तर एकाने मधलीवाडीच्या नाक्यावर ठकीची पाटी पायाने खाली लोटली होती. सगळी पापलेटं डांबरावर. ठकीने ती वेचली नाहीत. त्या माणसाकडे बघत नुसती उभी राहिली, आणि घरी येऊन न जेवता झोपली. रामनाथने सभागृहात समतेवर भाषण केलं ते त्या पापलेटांवरूनच.

"म्हंजे पाय पसरून बसता येल?" ठकीने विचारलं.

"झोपून जा, वैनी!"

"आनि नाक धरनारा कुनी नाय?"

"एक नाय."

"देव तुजं भलं करो, भावजी!" ठकीने तव्यावरचं गरम फडकं आनंदाने विश्रामच्या खांद्यावर टाकलं. विश्राम कळवळला, पण बोलला नाही. तो बोलायचाच कमी.

राहीबाईने एक बोंबील उचलला, वास घेतला, बाजूला ठेवला.

"रामनाथ, ही गाडी आमी मागली होती?"

"मागायची काय गरज? तुमचा मुलगा आमदार आहे."

"मंग मना एक सांग. मी ह्या गाडीत नाय चढले, रोजच्या गाडीत चढले, तं?"

"रोजच्या गाडीत कशाला चढशील? तुमची स्वतंत्र गाडी आहे ना."

"चढले तं?"

रामनाथने मानेला खाजवलं. "तर... कंडक्टर सांगेल, तुमची गाडी मागून येतेय."

"म्हंजे एक गाडी मिलाली आनि बाकी सगल्या गेल्या."

"आय, तू पण ना!"

"सासूबाय, मना समता नको," ठकी मध्येच म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता खेळ नव्हता. "मना बसायला जागा पायजे. रोज सकाली कुनी माज्याकडं बघून थुंकावं, आनि मी आपली हसत बसावं, याचा मना कंटाला आलाय."

राहीबाईने सुनेकडे पाहिलं. "थुंकतो तो, आनि गाडी बदलायची तू?"

 उषा दाराच्या चौकटीत उभी होती. ती दोघींच्याही बाजूची होती, आणि म्हणूनच कुणाच्याच बाजूने बोलू शकत नव्हती. त्यात तिची एक निराळी अडचण होती. पाट्या गाडीतून उतरवा म्हणून डेपोवर शिष्टमंडळ घेऊन जाणारा प्रवासी समितीचा अध्यक्ष म्हणजे तिचा सख्खा भाऊ नरहरी.

"मेव्हण्यांनासुद्धा आवडली कल्पना," रामनाथ खुशीत म्हणाला. "हार-तुरे, मंडप, माइक, सगळं समिती करतेय. त्यांच्याच नाक्यावर कार्यक्रम. दोन्ही गावं एकत्र!"

दादा खूश आहे, हे ऐकलं मात्र, आणि उषाच्या मनात पाल चुकचुकली.

"नारल फोडाया येन मी," राहीबाई उठत म्हणाली. "तू माजा पोर हायस. पन गाडीत बसनार नाय."

*

रविवारी उषा माहेरी गेली. मधलीवाडी दांडी आणि बोईसरच्या मध्ये. चिकूच्या बागा, मिरच्या, वांगी, कुंपणाला जास्वंद. या वाडीतली बागायतदार वाडवळांची मुलगी उषा पालघरच्या कॉलेजात जाता जाता दांडीच्या मासेमार मांगेल्याच्या मुलाशी लग्न करून बसली, तेव्हा दोन्ही गावांत जे रामायण झालं ते आता पोरांना गोष्ट म्हणून सांगण्याइतकं जुनं झालं होतं. पुरुष केव्हाच विरघळले. नरहरी तर निवडणुकीत दांडीच्या ओटीवर बसून कालवणात भाकरी कुस्करत होता. उरल्या होत्या दोन आया. उषाच्या आईने, रखमाबाईने, शपथ घेतली होती, दांडीचा उंबरा ओलांडणार नाही, तिथलं अन्नपाणी तोंडात घालणार नाही. राहीबाईने उलट निरोप धाडला होता, वाडीवाल्यांच्या दारात मी उभी राहिले तर नाव बदला. थोरल्या नातवाचं बारसं शेवटी शाळेच्या वर्गात झालं. या टोकाच्या बाकावर एक आजी, त्या टोकाच्या बाकावर दुसरी, आणि पाळणा मध्ये फळ्याखाली.

नरहरी अंगणात कापडी फलक रंगवून घेत होता. 'समतेची पहाट' इथपर्यंत रंग पोचला होता.

"ये ये, आमदारीणबाई! नवऱ्याने नाव काढलं बघ. सगळ्यांचा प्रश्न सुटला. त्या बाया सुखी, आम्ही सुखी."

"दादा, परवा दांडीला येऊन बोंबलाचं कालवण तू दोनदा वाढून घेतलंस."

"मग? बोंबील उत्तमच होते."

"ताटात चालतात, गाडीत नाही?"

"अगं, ताटातल्याला मसाला असतो!" नरहरी मनापासून म्हणाला. "आणि मी कधी त्या बायांना वाईट बोललो का? ऑफिसात आमचा साहेब म्हणतो, नरहरी, तुझ्या शर्टाला समुद्राचा वास येतो. माझ्या बढतीचं काय?"

उषाला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. ती मागच्या दारी गेली. रखमाबाई उद्याच्या बाजाराच्या मिरच्या देठं न तोडता निवडत होती. तीही रोज सकाळी त्याच गाडीने बोईसरला भाजी घेऊन जायची. उषा तिच्याशेजारी बसून मिरच्या निवडू लागली.

"ठकीचा गुडघा कसा हाय?" रखमाबाईने विचारलं.

"शेकतेय. बरा आहे."

"निर्गुडीचा पाला बांध म्हणावं. आणि धाकट्याला मारू नको गं गणितावरून. तू तरी कुठं हुशार होतीस?"

"बरं."

"आणि सासूला सांग, तो काढा रिकाम्या पोटी घ्यायचा. ती चहावर घेते नि मग म्हणते गुण येत नाय."

उषाचा हात मिरच्यांत थांबला. ठकीचा गुडघा गावभर झाला असेल. धाकट्याच्या गणिताची बातमी कुणी चुगलखोराने पोचवली असेल. पण राहीबाई काढा चहावर घेते, हे घरातही फक्त उषालाच ठाऊक होतं.

"आई, कुठला काढा?"

रखमाबाईने एकदम मिरच्यांच्या ढिगात डोकं घातलं. "लोक बोलतात."

"कुठले लोक?"

"गाडीतले."

"आई, माझ्याकडे बघ."

रखमाबाईने बघितलं. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या मुलीचे भाव होते. मग ती पदर तोंडावर धरून हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं.

"मागच्या सीटवर बसतो आमी," ती म्हणाली. "ती नि मी. खिडकीजवळ ती, तिच्या बाजूला मी."

"रोज?"

"बाजार असला की रोज."

"आणि शपथ?"

"शपथ उंबऱ्याची होती. गाडीला कुठं उंबरा हाय?" रखमाबाईने हे अगदी सरळपणे सांगितलं. "पहिल्यांदा तिनंच तोंड उघडलं. तुझा थोरला पोटात होता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, पोरीला काय गोड लागत नाय, कैरी-कैरी करते. मला नाय, आपली वाऱ्याला सांगितल्यासारखी. मी दुसऱ्या दिवशी आपल्या विहिरीवरच्या झाडाच्या कैऱ्या तिच्या पाटीत टाकल्या. तेसुद्धा ती वाऱ्यालाच म्हणाली, बऱ्या हायत."

 त्या कैऱ्या उषाला आठवत होत्या. बाजारातून आणल्या म्हणून राहीबाईने पुढ्यात टाकल्या होत्या. पहिल्या फोडीलाच उषाला विहिरीवरचं झाड ओळखू आलं होतं आणि ती चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं सांगून रडली होती.

"घरी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मिटलं असतं ना," रखमाबाई म्हणाली. "मिटलं की मग येणं-जाणं, मानपान, ह्याला साडी दिली नि त्याला नाय. गाडीत बरं असतं. उतरलं की संपलं." मग ती मिरच्या पाटीत भरू लागली. "आता ती पुढच्या गाडीनं जाणार, मी मागच्या गाडीनं. तुझ्या नवऱ्यानं चांगलं केलं, सगळे म्हणतात. करू दे."

*

सोमवारी सकाळी मधलीवाडीच्या नाक्यावर सणासारखी गर्दी होती. नवी गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. तिच्या कपाळावर सुतळीने लाकडी फळी बांधली होती: 'फक्त मासळी विक्रेत्या महिलांसाठी'. दांडीच्या बाया याच गाडीतून मिरवत आल्या होत्या आणि ठकी मागून तिसऱ्या सीटवर दोन्ही पाय लांब करून, पाटी शेजारच्या जागेवर पाहुणीसारखी बसवून, खिडकीतून लोकांना हात दाखवत होती. राहीबाई मात्र आमदारांच्या जीपमधून आली. मांडीवर ताज्या मासळीची पाटी घेऊन. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला रामनाथ जीपमधून उतरला तेव्हा त्याच्या लेंग्यावर खाऱ्या पाण्याचा हा मोठा नकाशा उमटला होता, आणि तो हात जोडत असताना कोपराने तो झाकायचा प्रयत्न करत होता.

नरहरीने प्रास्ताविक केलं. पहाट, क्रांती, भगिनी हे शब्द येऊन गेले. मग रामनाथ माइकसमोर आला. तो बोलायचा छान. सागरकन्या आता मानाने प्रवास करतील, असं तो म्हणाला तेव्हा ठकीने गाडीतूनच शिट्टी घातली.

राहीबाईने नारळ फोडला. एका घावात. अर्धी कवड मुलाच्या हातात दिली, त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि तेवढ्यात मागून रोजची गाडी आली, तशी पाटी डोक्यावर घेऊन ती सरळ तिकडे चालू लागली.

नरहरी त्याच गाडीने कामावर जायचा. तो दारात एक पाय टाकून चढतच होता. राहीबाईला पाहून खाली उतरला आणि दार अडवून उभा राहिला.

"मावशी, तुमची गाडी ती. हार घातलेली."

"ती नवरीची वाटते. मी म्हातारी, मना ही बरी."

"अहो, असं कसं? सगळी तयारी तुमच्यासाठी केली."

"तू नाक धर नि मना चढू दे. रोज काय करतोस मंग?"

कंडक्टर खिडकीतून वाकला. "आजी, तुमची दुसरी गाडी हाय. तसा हुकूम आलाय. तुमच्याच साहेबांनी आणलाय, मी काय करू?"

सगळा नाका रामनाथकडे वळला. रामनाथने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

तेवढ्यात थांब्याजवळची रखमाबाई पुढे आली. डोक्यावरची भाजीची पाटी तिने उतरवली, आणि राहीबाईपासून दोन हातांवर रस्त्याच्या कडेला ठेवली.

"मी पण नाय जात ह्या गाडीनं," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "मी थांबते."

"आई!" नरहरी ओरडला. "तू कशाला? तू भाजीवाली!"

"मला जागेवर बसायची सवय हाय. माझ्या बाजूची जागा रिकामी असली तर मला गाडी लागते."

राहीबाईने पाटी उतरवली. दोघी आपापल्या पाटीशेजारी उभ्या राहिल्या. एकमेकींकडे बघितलं नाही. दोन्ही गावांची माणसं मात्र त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू मारुतीच्या देवळातला दगड बोलला.

रोजच्या गाडीच्या ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने दोनदा हॉर्न दिला, घड्याळ बघितलं, आणि गाडी सोडली. नरहरी "अरे, थांब! माझी शिफ्ट!" करत मागे धावला. कंडक्टरने खिडकीतून हात हलवला. त्याला वाटलं, निरोप देतायत.

आता नाक्यावर एकच गाडी उरली.

धापा टाकत परत आलेला नरहरी तिच्या दारापाशी गेला. या गाडीचा कंडक्टर नवा होता, तरुण होता आणि हुकमाचा पक्का होता. त्याने आधी वरच्या फळीकडे बोट केलं, मग नरहरीकडे.

"साहेब, तुम्ही महिला नाय."

"दिसत नाही का मला ते?"

"मासळीपण नाय तुमच्याकडं."

गाडीतल्या बाया खिदळल्या. "याला एक बोंबील द्या गं हातात!" ठकी आतून ओरडली. "निम्मं तं जुलंल!"

नरहरीचे कान लाल झाले. उशीर झाला की त्याचा साहेब काय म्हणायचा, ते उषाला पाठ होतं. तिला भावाची दया आली. पण तेवढ्यात रामनाथ तिच्याजवळ सरकला. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता त्याने विचारलं, "काय करू गं? हुकूम फिरवला तर वैनी मारेल, नाय फिरवला तर आय."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तो असा अडकला की तिला अजून कॉलेजातला, पुस्तकं छातीशी धरून गाडीत उभा असलेला पोरगा दिसायचा. तेव्हा त्याच्या आईच्या पाटीचं पाणी गाडीभर पसरलं होतं. सगळे पाय वर घेऊन बसले, आणि तो एकटा शरमेने खाली बघत उभा होता. उषाने सरकून त्याला जागा दिली होती. दोघांची पहिली ओळख ती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तेव्हा तुमच्या लोकांना अशी वेगळी गाडी असती, तर मी तुम्हाला भेटले असते का हो?"

ती हळूच म्हणाली, पण रामनाथच्या हातातला माइक चालू होता. नाक्यावरच्या पिंपळावर बांधलेल्या दोन भोंग्यांनी आमदारीणबाईंचा प्रश्न अख्ख्या मधलीवाडीला, चिकूच्या बागांना, आणि वारा त्या बाजूचा असल्याने बहुतेक दांडीलाही विचारला.

 कुणीतरी फिसकन हसलं आणि वास नाकाभर पसरावा तसं हसणं नाक्याभर पसरलं. उषाने तोंडावर पदर घेतला. रामनाथ आधी तिच्याकडे बघत राहिला, मग आईकडे, मग सासूकडे. तोही हसायला लागला. खोटं नाही, पोट धरून.

तो माइक तसाच टाकून गाडीपुढे गेला. बंपरवर चढला. सुतळी सुटेना, तेव्हा विश्राम शांतपणे आला आणि जाळी कापायच्या सुरीने दोन झटक्यांत त्याने फळी खाली घेतली. त्या सकाळी तो बोलला ते एवढंच: "फली चांगली हाय. चुलीला नाय जालनार, होडीला लावीन."

"मंडळी," रामनाथ बंपरवरूनच ओरडला, "गाडी दांडीची! बसायची सगळ्यांची! आणि मासळीची पाटी कुठल्याही गाडीतून जाईल, कंडक्टर, ऐकलंस? लेखी हुकूम मी आणतो, तोवर माझी जबाबदारी. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

"कधी म्हनत होता?" राहीबाईने विचारलं. पण पाटी डोक्यावर घेतली.

गाडी भरायला सुरुवात झाली. ठकी मात्र जागची हलली नाही. पाय लांबच ठेवून ती दारातून येणाऱ्यांकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचं हसू मावळलं होतं. उषा तिच्याजवळ थांबली.

"वहिनी, रागावलात?"

"नाय," ठकी म्हणाली. "सासूबायचं खरं हाय, ते कलतं मना. पन एक दिस तरी पसरून बसू द्यायचं होतं."

तिच्यासमोर नरहरी येऊन उभा राहिला होता. दुसरी जागा नव्हती. तो पाटीकडे बघत होता, पाटीतली पापलेटं त्याच्याकडे बघत होती.

"बसू का?" त्याने विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "नवरात्रात तो जो माणूस होता... आमच्या समितीतला होता. मी त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं."

ठकीने त्याला बराच वेळ तसाच उभा ठेवला. मग एक पाय खाली घेतला. दुसरा नाही.

"बसा. पाटी मांडीवर घ्यायची."

नरहरी बसला. पाटी मांडीवर घेतली. पँटवर पाणी उतरलं, पण त्याने खिडकी उघडली नाही.

रामनाथला जागाच मिळाली नाही. जीप विश्रामकडे सोपवून तो मध्ये दांडा धरून उभा राहिला. "आमदारानू, धरून रावा, पुढं खड्डं हायत," एक म्हातारी मासळीवाली म्हणाली. "तुमचंच हायत."

गाडी सुटली. उषाला मागून दुसरी सीट मिळाली होती, दादाच्या पाठीमागे. तिच्या मागे, शेवटच्या सीटवर, खिडकीजवळ राहीबाई आणि तिच्या बाजूला रखमाबाई. अख्खी गाडी मान वळवून त्या दोघींकडे बघत होती, आणि त्या दोघी दोन दिशांना बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. इतकी वर्षं कुणी बघत नव्हतं तेव्हा बोलत होत्या. आता सगळे बघतायत तर शब्द फुटेना. उषाला वाटलं, आपण भलतंच केलं. जे चोरून छान चाललं होतं ते उजेडात आणून मोडलं.

चिकूच्या बागा मागे पडल्या. वळणावर गाडी हेलकावली, उभे होते ते एकमेकांवर पडले, ओरडाआरडा झाला, माना पुढे वळल्या. त्या गडबडीत उषाला मागून आवाज ऐकू आला, एकदम खालच्या पट्टीतला.

"परवाची जवळ्याची चटणी खारट झालेली, राही."

"मंग डबा चाटूनपुसून कशाला दिलास?"

"घासायला पाणी नव्हतं म्हणून."

पुढच्या सीटवर नरहरी सावकाश मागे वळला. मांडीवर पापलेटं, तोंड उघडं.

"आई! तू दांडीचं खातेस? अन्नपाणी शिवणार नाही म्हणून शपथ घेतली होतीस ना?"

रखमाबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की हा पोरगा शाळेत कसा पास झाला असेल.

"दांडीत कुठं खाल्लं? गाडीत खाल्लं."

राहीबाईने पदराखालून डबा काढला, झाकण उघडलं आणि सीटच्या मधून उषाच्या डोक्यावरून पुढे धरला. परतलेल्या जवळ्याचा, लसणीचा वास गाडीभर पसरला. पुढच्या बाकावरचा एक पँटवाला अस्वस्थ होऊन हलला, पण नाकाला रुमाल लावावा की नाही, हे त्याला कळेना, कारण शेजारी आमदार उभे होते आणि तेही डब्याकडेच बघत होते.

नरहरीने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"भाकरी आहे का?" त्याने विचारलं.